नाव न घ्यायची बाब

माझी नोकरी काय आहे हे पुण्याच्या माझ्या मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, "आमची सुनंदा सिंगापूरला युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आहे." मी म्हणायची, "मावशी, मी प्रोफेसर नाही गं. प्रोफेसरांना ठेवायचं की घालवायचं हे ठरवणाऱ्या कमिटीची मी सेक्रेटरी आहे." मावशी जरा विचार करायची आणि म्हणायची, "म्हणजे त्यांच्याही वरचीच की!"

वरची कसली! कमिटीतल्या कुणाला कोणत्या दिवशी वेळ आहे ते जुळवणं, फायली लावणं, एसी कमी-जास्त करणं, कुणाच्या कॉफीत साखर चालत नाही ते ध्यानात ठेवणं आणि मीटिंगचा वृत्तांत लिहिणं, हे माझं काम. पण हे सगळं करताना खुर्ची अशा जागी मिळते, की मोठमोठ्या माणसांचे चेहरे बाजूने दिसतात. माणूस समोरून बघितला की तो तयारीत असतो. बाजूने तसा नसतो. त्या खुर्चीवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलंय, तर आधी टेन्युअर म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे लोक त्याला सरळ "परमनंट होणं" म्हणतात. ते तसं आहे आणि तसं नाही. आपल्याकडे परमनंट न झालेला माणूस वर्षानुवर्षं टेम्पररी राहू शकतो. इथे तशी सोय नाही. नव्या प्राध्यापकाला पाच-सहा वर्षं देतात. मग त्याची फाइल तयार होते: संशोधन, शिकवणं, विद्यार्थ्यांची मतं. जगभरातल्या त्या विषयातल्या जाणकारांना विचारतात, की बाबांनो, हा माणूस कसा वाटतो? मग कमिटी बसते. हो म्हणाली, तर निवृत्तीपर्यंत त्याला कुणी हलवू शकत नाही. नाही म्हणाली, तर आवराआवरीला एक वर्ष, आणि मग रामराम. परदेशी माणसाचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना, त्या नोकरीला बांधलेला असतो आणि बायको-मुलांचे पास त्याच्या पासाला. म्हणजे कमिटीतल्या एका मताने एका घरातल्या मुलीची शाळाही बदलते. मतं मोजताना माझ्या मनात हे नेहमी यायचं.

या फाइलमध्ये एक गमतीचा रकाना असतो. "अमुक लोकांना माझ्याबद्दल विचारू नये," असं उमेदवार तिथे लिहू शकतो. संशोधकांची आपसात भांडणं असतात, त्यासाठी ही सोय. एकाने तर रकाना पुरेना म्हणून पान उलटून मागच्या बाजूला नावं लिहिली होती. त्यात त्याचे स्वतःचे पीएचडीचे गाईड आणि आधीची बायको दोघंही होती. सगळे काही ना काही लिहायचेच. कोरा रकाना मी एकाच माणसाचा बघितला, आणि हा लेख त्याच माणसाबद्दल आहे. नाव बदललंय आणि ओळखीच्या खुणाही. गुप्ततेची सवय निवृत्त होत नाही.

डॉ. विनय साळवे मूळचे नगरचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि मराठी माझ्याहून शुद्ध. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्याकडे आले, जीवाणूंवर काम करायला. बायको रूथ आणि मुलगी बरोबर. पाच-सहा वर्षांनी त्यांची टेन्युअरची फाइल आली. ती बघितल्यावर मी त्यांना फोन केला, "सर, एक रकाना राहिलाय."

"राहिला नाही, ताई. ज्यांना मी पटत नाही त्यांनीच वाचलं तर बरं."

मी फोन ठेवला आणि लगेच माझ्या साहेबीण मिस चुआ यांच्याकडे गेले. नियमच आहे, उमेदवार ओळखीचा किंवा आपल्या भाषेचा असेल तर आधी सांगून टाकावं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यू व्होट, आह?"

"नाही."

"मग काय प्रॉब्लेम? जा, काम कर, लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्यातलं आपलं 'गं'.

त्यानंतर एका सहीसाठी मी साळव्यांच्या लॅबमध्ये गेले होते. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. सही केली आणि म्हणाले, "ताई, दोन मिनिटं आहेत का? बघा तर." मला शाळेत सायन्स कधी आवडलं नव्हतं, पण नाही म्हणणं बरं दिसेना. डोळा लावला. करड्या प्रकाशात काळे ठिपके, आणि ते सगळे जागच्या जागी गरगर फिरत होते. काही उजवीकडे, काही डावीकडे, आणि मधूनच एखादा गपकन थांबून उलटा फिरायला लागे.

साळवे सांगत होते. जीवाणूला शेपटी असते. तिच्या मुळाशी एक मोटर असते, अगदी खरीखुरी. फिरणारा भाग, न फिरणारा भाग, मधे दांडा. तिच्यावर जीवाणू पोहतो. इथे त्यांनी शेपटीच काचेला चिकटवून टाकली होती. शेपटी हलू शकत नाही म्हटल्यावर मोटर जीवाणूलाच फिरवत होती. "आपल्या पोटातही आहेत हे," ते म्हणाले. "आत्ता, या घटकेला."

मी डोळा काढला तेव्हा माझे हात जोडले गेले होते. ते मला कळलंसुद्धा नव्हतं. साळवे हसले नाहीत. म्हणाले, "माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं." देवघरात रोज दिवा लावते मी, पण अंगावर असा काटा तिथे कधी आला नव्हता. घरी, बुकित बातोकला परत येईपर्यंत मी एमआरटीच्या गाडीत माझ्याच पोटाकडे बघत होते.

आता भांडणाकडे येते. साळव्यांनी शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये भाषण दिलं होतं आणि नंतर तेच एका मासिकात लिहिलं होतं. म्हणणं थोडक्यात असं: शिलाई मशीनची बॉबिन काढली तर मशीन थोडं कमी शिवतं असं नाही, शिवतच नाही. तसंच या मोटरचं. एक भाग काढा, सगळंच बंद. मग ही थोडी थोडी करून, आपोआप, कशी तयार झाली असेल? कुणीतरी ती योजून बनवली असली पाहिजे. परदेशात तेव्हा या मतावरून कॉलेजांत आणि कोर्टांत मोठी जुंपलेली होती. या मताच्या प्राध्यापकांच्या टेन्युअर अडत होत्या, आणि अडली की दोन्ही बाजू नगारे बडवत होत्या. साळव्यांचं भाषण कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि आमच्याकडेही ईमेल यायला लागले. काहींत होतं, 'असला माणूस विज्ञान शिकवतोच कसा?' आणि काहींत, 'खबरदार त्याला हात लावाल तर.'

विरोधात सगळ्यात पुढे होत्या प्रोफेसर तेओ. उत्क्रांतीच्या अभ्यासक, कमिटीच्या सभासद, केस अगदी बारीक कापलेले आणि जीभ धारदार. देव वगैरे काही मानत नसत. त्या तडक माझ्या टेबलाशी आल्या. "मिसेस राणे, हा माणूस वर्गात हे शिकवतो का?"

विद्यार्थ्यांच्या मतांत तसं काही नव्हतं. तेओबाईंचं त्यावर समाधान झालं नाही. त्या न सांगता साळव्यांच्या पहिल्या वर्षाच्या तासाला जाऊन मागच्या रांगेत बसल्या. परत आल्या त्या चिडूनच. "फार छान शिकवतो. पुस्तकाबाहेरचा एक शब्द नाही. छे!"

"मग आता?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

"तरी माझा विरोध आहे. त्याने लिहिलंय, की इथे पोचल्यावर पुढे विचारायचं काही उरत नाही. प्रश्न थांबवणारा माणूस मला लॅबमध्ये नको." बाईंचं हे म्हणणं मला पटलं आणि साळव्यांचंही पटलेलं होतं. अशी गोची सेक्रेटरीला परवडते, सभासदाला नाही.

त्यात डीन साहेबांनी एक फतवा काढला. ते भले गृहस्थ, पण फार जपून. या देशात चार धर्मांचे लोक एका लिफ्टमधून जातात-येतात आणि ते सगळं सुरळीत चालतं, कारण धर्माचा विषय कचेरीत कुणी काढत नाही. ही इथली शिस्त आहे आणि तिचा फायदा मी स्वतः घेतलाय. तर डीन म्हणाले, कमिटीवर या बाबतीत ज्यांचं काहीच मत नाही असे तटस्थ लोक घ्या. मी आणि मिस चुआ असा माणूस शोधायला लागलो. एक जण रविवारी न चुकता चर्चला जाणारे, एकाच्या घरी कुआन यिन देवीची मूर्ती, एक शुक्रवारी मशिदीत जाणारे, आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही त्यांचं तर मत सगळ्यांत ठाम! शेवटी मिस चुआ म्हणाल्या, "देवाबद्दल काहीच मत नसलेला माणूस हवा असेल, तर मेलेला बोलवावा लागेल. आणि त्याचं मत तर आता पक्कं झालेलं असणार!" मग आधीचीच कमिटी ठेवली. फक्त एवढं ठरलं की 'देव' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. बैठकांमध्ये त्याला "ती दुसरी बाब" म्हणायला लागले.

माझा मुलगा तेव्हा पॉलिटेक्निकला होता. मी जेवताना गप्प बसलेली बघून म्हणाला, "मा, ऑफिसच्या भानगडीत इतकं केपो नको होऊस, लाह." केपो म्हणजे नसत्या चौकशा करणारी. मी म्हटलं, मला त्याचाच पगार मिळतो.

टेन्युअरच्या आधी उमेदवाराने सगळ्यांसमोर एक व्याख्यान द्यायचं असतं. इतकी वर्षं काय केलं ते सांगायचं. साळव्यांच्या विभागप्रमुखांनी त्यांना सांगून ठेवलं होतं: जे छापून आलंय तेवढंच दाखव, वाद होईल असं काही काढू नकोस. सल्ला शहाणपणाचाच होता. सभागृह गच्च भरलेलं. तेओबाई दुसऱ्या रांगेत, वहीही न घेता. त्यांच्या मागे कमिटीतले प्रोफेसर ओंग, रसायनवाले, मऊ बोलणारे, एका चर्चमध्ये मोठ्या मानाचे. साळवे दिसले की ते दरवेळी पसंतीने मान डोलवायचे. मी दाराशी, हजेरी घ्यायला.

साळव्यांनी नेमून दिलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आता एक न छापलेली गोष्ट." पडद्यावर एका काचेच्या बशीचा फोटो आला. ते सांगत होते, की मी एका लेखात लिहिलं होतं, मोटरचा अमुक भाग काढला तर ती कधीच बनणार नाही. आमच्या लॅबमधल्या एकीने तो भाग काढून जीवाणू या बशीतल्या मऊ जेलीत टाकले. पोहता येत असेल तर ते पसरतात आणि मोठं वर्तुळ होतं. येत नसेल तर ठिपका तसाच राहतो. ठिपका तसाच राहिला. "मी म्हणत होतो तसंच."

पुढचा फोटो. "मग चिनी नववर्षाची सुट्टी आली. गडबडीत ही बशी काढून टाकायची राहून गेली. सुट्टीवरून आल्यावर ती अशी दिसली."

ठिपक्यातून एक पंखा उघडला होता. एकाच बाजूला, पांढरट, कडेला पातळ होत गेलेला. हळदीच्या बोटाचा डाग ओल्या पदरावर पसरतो तसा.

"हे पोहताहेत," साळवे म्हणाले. "तो भाग नसताना. दुसऱ्या एका भागात छोटासा बदल झाला आणि त्याने काम निभावून नेलं. आधी मला वाटलं, बशीत दुसरं काही शिरलं असेल. पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी तेच. मी लिहिलं होतं, की हे कधीही चालणार नाही. ते चाललं. माझं ते वाक्य चूक होतं."

ही बशी त्यांनी फडताळात ठेवली असती, तर कुणाला कळलं नसतं. टेन्युअर हातात पडल्यावर सावकाश छापली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती. मी या नोकरीत माणसं आपल्या चुका नाकारताना, दडवताना, विद्यार्थ्यांवर ढकलताना बघितली आहेत. ज्या दिवशी आपली भाकरी ठरायची, त्याच दिवशी आपली चूक पडद्यावर भिंतीएवढी मोठी करून दाखवणारा माणूस मी एकच बघितला. तेओबाईंनी शेजारच्याकडून पेन मागून घेतलं आणि तळहातावरच काहीतरी लिहिलं.

आता वाटेल की सगळं गोड झालं. तसं नाही झालं.

कमिटी बसली. बाहेरच्या जाणकारांची मतं उत्तम, शिकवणं उत्तम. तेओबाई स्वच्छ म्हणाल्या, "माझं मत त्याच्या बाजूने. स्वतःच बंद केलेला प्रश्न त्याने स्वतः उघडला. आणखी काय हवंय?" पण "ती दुसरी बाब" खोलीत बसलेलीच होती. कुणी म्हणालं, बाहेर कसं दिसेल? कुणी म्हणालं, निर्णयशक्तीचा प्रश्न आहे. मतदान चिठ्ठ्यांवर होतं. मी मोजलं, पुन्हा मोजलं. एका मताने नापास.

वृत्तांताचा कच्चा मसुदा मी नेहमीसारखा सगळ्यांना पाठवला. तो परत आला तो खोडून खोडून. 'श्रद्धा' शब्द डीननी काढला: संवेदनशील. 'चर्चच्या हॉलमधलं भाषण' दुसऱ्या कुणी काढलं. 'बाहेर कसं दिसेल' हे ज्यांनी म्हटलं होतं त्यांनीच काढलं. 'निर्णयशक्ती'ही गेली, कारण कशाबद्दलची हे लिहावं लागलं असतं. मी मिस चुआंना म्हटलं, "नकार दिला की कारण लिहावं लागतं. इथे आता कारणच उरलं नाहीये." त्या म्हणाल्या, "त्यांना हे हवंय तर हेच जाऊ दे. आपण कमिटीच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत." म्हणून तसंच गेलं: संशोधन चांगलं, शिकवणं चांगलं, निर्णय नाही.

साळव्यांना आवराआवरीचं वर्ष मिळालं. मुलगी प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला बसायची होती. इथे त्या परीक्षेवर पुढची शाळा ठरते आणि घरोघरी वर्षभर श्वास रोखलेला असतो. क्वीन्सटाउनच्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर मी एकदा गेले, तेव्हा रूथने मला विचारलं, "ताई, नगरला तिला कुठल्या माध्यमात घालू? तिला मराठी वाचता येत नाही हो." चहा घेतला आणि आले.

त्या दिवसांत त्यांना परदेशातून एका संस्थेचं बोलावणं आलं. तुमच्यावर श्रद्धेपायी अन्याय झाला, तुमची कहाणी जगाला सांगा, आम्ही तुम्हाला जागा देतो. रूथने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "यांनी त्यांना बशीचा फोटो पाठवला." आणि ती हसली, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या संस्थेकडून पुन्हा काही आलं नाही.

अपील करायला साळवे तयार नव्हते. कँटीनमध्ये तेओबाईंनी त्यांना धरलं तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होते, आणि बाईंनी मला नियम सांगायला बोलावून घेतलं. साळवे म्हणत होते, "अपील केलं तर मला म्हणावं लागेल की धर्मामुळे डावललं. मी ते कसं म्हणू? मला माहीत नाही."

"मिसेस राणे, असं म्हणावं लागतं का?"

"नाही," मी म्हटलं. "एवढंच विचारता येतं, की कारण काय."

तेओबाईंनी कपातली कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळली. "ऐकलंस? कारण काय, एवढंच. त्या बशीला तू तेच विचारलंस ना? मग कमिटीला विचारायला कसली लाज?"

साळव्यांनी आपला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "विचारतो."

अपिलाचे अध्यक्ष होते प्रोफेसर पिल्लई. इंजिनिअरिंगचे, पुलांवर आयुष्य घालवलेले, कानाला कमी ऐकू येणारे. त्यामुळे सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागे, आणि कुजबुजून सांगायच्या गोष्टी त्यांच्यापुढे सांगताच येत नसत. टेबलाच्या एका बाजूला डीन आणि कमिटीतली मंडळी, दुसऱ्या बाजूला साळवे एकटे. टाय जरा वाकडा. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर.

पिल्लईंनी वृत्तांत वाचला, पान उलटलं, मागे काही आहे का बघितलं. "कारण कुठे आहे?"

डीन म्हणाले, "तो कमिटीचा एकत्रित शैक्षणिक निर्णय होता."

"मोठ्याने बोला. कशाबद्दलचा?"

डीननी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने फायलीकडे. सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागत होता. इतक्या काळजीने त्यांनी कारण लपवलं होतं, की आता त्यांनाच ते सापडेना.

पिल्लई साळव्यांकडे वळले. "तुमच्या श्रद्धेमुळे तुम्हाला डावललं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

खोलीतले सगळे ताठ झाले. हो म्हटलं असतं, तर त्याच क्षणी ते जिंकले असते. या देशात त्या एका वाक्यासमोर कुठलाही डीन उभा राहू शकत नाही. मला क्वीन्सटाउनचा तो फ्लॅट दिसत होता. मनातल्या मनात मी म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणून टाका.

"नाही, सर," साळवे म्हणाले. "तसा पुरावा माझ्याकडे नाही. पुरावा पुरेसा नसताना मी एकदा ठामपणे लिहून बसलोय. पुन्हा नाही करणार."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रोफेसर ओंग उभे राहिले होते. मी त्यांना बाजूनेच बघत होते. कानशिलं लाल झाली होती.

"मी सांगतो कारण," ते म्हणाले, आणि त्यांच्या मऊ आवाजाला मोठं होताना त्रास होत होता. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझं सांगतो. मी विरुद्ध मत दिलं. आधी मी याच्या बाजूचा होतो. मग त्या व्याख्यानात याने जे केलं ते बघून मला वाटलं, नोकरीसाठी याने देव सोडला. असल्या माणसाला मी मत देणार नव्हतो."

तो शब्द असा त्या खोलीत पहिल्यांदा आला. डीननी डोळे मिटून घेतले. तेओबाई ओंगांकडे असं बघत होत्या, जणू हा माणूस त्यांना आज पहिल्यांदा दिसतोय. इतकी वर्षं मी या माणसांच्या साखर-कॉफीचा हिशेब ठेवला, आणि त्यांच्या आत एवढं काही आहे हे मला माहीत नव्हतं.

साळवे शांतपणे म्हणाले, "देव नाही सोडला, सर. फक्त तो पुरावा सोडला."

"मग उरलं काय?" ओंगांनी विचारलं. ते भांडायला विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"प्रार्थना उरली आणि कुतूहल उरलं. दोन्ही रोजची आहेत." साळव्यांनी वाकडा टाय सरळ केला. "प्रार्थना कुठेही करता येते, सर. कुतूहलाला लॅब लागते."

ओंग खाली बसले. नंतर त्यांनी चष्मा काढून रुमालाने कितीतरी वेळ पुसला. पिल्लईंनी कानाचं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, "हे मला सगळं ऐकू आलं."

अपील मान्य झालं. पुढच्या आठवड्यात कमिटी पुन्हा बसली आणि या वेळी चर्चा फार झाली नाही. ओंगांनी चिठ्ठी घडी न घालताच माझ्या हातात दिली. मी मोजायच्या आधीच मला कळलं होतं. वरच्या सह्या झाल्यावर मिस चुआंनी मला बोलावलं. "पत्र उद्या जाईल. तू आत्ता जा, तुमच्या भाषेत सांग त्याला."

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. साळवे हातमोजे घालून काहीतरी ओतत होते. मी म्हटलं, "सर, झालं. टेन्युअर मिळाली." त्यांनी हातातली नळी जागेवर ठेवली, मोजे काढले, नीट डब्यात टाकले आणि मग घरी फोन लावला. पलीकडून रूथचा आवाज आला, "हॅलो? हॅलो, बोला ना." त्यांच्याच्याने बोलवेना. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"रूथ, मी सुनंदाताई," मी म्हटलं. "तुम्ही इथेच राहताय."

मग तिने विचारलं, "ताई, ते रडताहेत का?"

"हो," मी म्हटलं.

"मग खरं आहे," रूथ म्हणाली.